विमानतळावरची दहा मिनिटे आणि गावातले एकवीस दिवस

सप्टेंबर २०२५ मध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या कसाई प्रांतात इबोलाची साथ जाहीर झाली. ६४ रुग्ण आणि ४५ मृत्यूंनंतर १ डिसेंबरला ती संपल्याची घोषणा झाली. ती होण्यापूर्वीच, नोव्हेंबरच्या मध्यास, दक्षिण इथिओपियात मारबर्ग विषाणूने डोके वर काढले. त्या देशात हा विषाणू प्रथमच आढळत होता. अशी बातमी आली की आपल्याकडे काय घडते, हे आता वाचकांना पाठ झाले आहे. विमानतळावर थर्मल स्कॅनर मांडल्याचे छायाचित्र प्रसिद्ध होते, मास्क घातलेले दोन कर्मचारी प्रवाशांच्या कपाळाकडे यंत्र रोखून उभे असतात आणि ‘यंत्रणा सज्ज आहे’ असे निवेदन निघते. चार-सहा आठवड्यांनी यंत्र गुंडाळून ठेवले जाते. मधल्या काळात त्या यंत्राने कोणाला अडवले, किती जणांची पुढे विचारपूस झाली आणि ती कोणी केली, याचा हिशेब सहसा कोणी मागत नाही.

गोमंतकापुरते पाहिले तरी हा प्रश्न दूरचा नाही. इथल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस बोटीवर, आखातात, इंग्लंडात किंवा पूर्व आफ्रिकेत आहे. तारवट्यांचे घर तर परतीच्या तारखेवरच चालते. करार संपला की माणूस जगाच्या कुठल्याही बंदरातून विमान पकडतो आणि घरी येतो. तो येतो कसा, हे नीट पाहायला हवे. आफ्रिकेतल्या एखाद्या शहरातून निघालेला प्रवासी अदिस अबाबा, दुबई किंवा दोहा येथे विमान बदलतो. पुष्कळदा तो थेट गोव्यात न उतरता मुंबईला उतरतो. पारपत्रावर शिक्का मुंबईत बसतो, सामानही तिथेच सुटते. त्यानंतर तो देशांतर्गत विमानाने मोपाला येतो, कोकण रेल्वेने मडगावला येतो किंवा रात्रीच्या बसने म्हापशाला उतरतो. काही जण धोबीतलावच्या कुडात दोन दिवस काढून, कंपनीच्या कार्यालयातली कामे आटोपून मग गाव गाठतात. गोव्याच्या दृष्टीने हा माणूस मुंबईहून आलेला असतो. आदल्या आठवड्यात तो कुठे होता, हे दाबोळीलाही ठाऊक नसते आणि मोपालाही नाही.

म्हणजे ज्या दारावर पहारा बसवल्याचे छायाचित्र आपण पाहतो, त्या दारातून यायचा माणूस येतच नाही. आणि आला, तरी ते यंत्र त्याला ओळखेल काय?

थर्मल स्कॅनर ताप मोजतो, तोही त्वचेवरून. रोग मोजण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. उन्हातून चालत आलेला निरोगी माणूस त्याला संशयास्पद वाटू शकतो आणि पॅरासिटामॉलची गोळी घेऊन बसलेला रुग्ण निर्दोष. त्याहून मोठी अडचण निसर्गाने घातलेली आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत जो काळ जातो, त्याला वैद्यक अधिशयन काळ म्हणते. इबोलात हा काळ २ ते २१ दिवसांचा असतो, निपाहमध्ये साधारणतः ४ ते १४ दिवसांचा, एमपॉक्समध्येही तो तीन आठवड्यांपर्यंत लांबू शकतो. जगाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला आज एक दिवस पुरतो. वीस दिवसांच्या खिडकीतला एक दिवस विमानात जातो आणि नेमक्या त्याच दिवशी ताप यावा अशी अपेक्षा यंत्र मांडणारा करत असतो. योगायोगावर उभारलेली ही तटबंदी आहे.

याचा अनुभव जगाने २००३ मध्ये सार्सच्या वेळी घेतला. कॅनडा, सिंगापूर आणि हाँगकाँगसह चीन येथे मिळून साडेतीन कोटींहून अधिक येणाऱ्या प्रवाशांचे तापमान यंत्राने मोजले गेले. त्यात सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही. या आकड्याचा बचाव करताना असे म्हटले जाते की, यंत्र आहे या जाणिवेनेच आजारी माणसे प्रवासाला निघत नाहीत. त्यात तथ्य असेलही. मग ते यंत्र म्हणजे शेतातले बुजगावणे झाले. बुजगावण्याचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही, पण त्याला राखणदार म्हणू नये.

सर्वांत बोलकी घटना मात्र २०१४ मधली आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या तीन देशांत इबोलाने कहर मांडला होता. २०१६ पर्यंत चाललेल्या त्या साथीत २८ हजारांवर माणसे आजारी पडली आणि ११ हजारांहून अधिक दगावली. १९ सप्टेंबर २०१४ रोजी लायबेरियाच्या मन्रोव्हिया विमानतळावर एका प्रवाशाचे तापमान मोजण्यात आले, ते सामान्य निघाले. दुसऱ्या दिवशी तो अमेरिकेत डॅलसला पोचला. चार दिवसांनी त्याला बरे वाटेनासे झाले. पुढच्या रात्री तो इस्पितळात गेला. आपण आफ्रिकेतून आलो आहोत हे त्याने परिचारिकेला सांगितले आणि तशी नोंदही झाली. ती नोंद उपचार ठरवणाऱ्यांपर्यंत पोचली नाही आणि त्याला प्रतिजैविके देऊन घरी पाठवण्यात आले. तीन दिवसांनी रुग्णवाहिकेने त्याला परत आणावे लागले, ८ ऑक्टोबरला तो मरण पावला, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली. त्या पुढे बऱ्या झाल्या. इथे विमानतळाच्या यंत्राने काही चूक केली नव्हती. त्या दिवशी त्याला ताप नव्हताच. चूक झाली ती इस्पितळातल्या दोन टेबलांमधल्या अंतरात. ‘तुम्ही कुठून आलात’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते, पण ते कामाला आले नाही.

आपल्या देशातला अनुभव याहून वेगळा नाही. जुलै २०२२ मध्ये एमपॉक्सचा भारतातला पहिला रुग्ण केरळात सापडला. तो संयुक्त अरब अमिरातीतून आला होता आणि तिथे आपला बाधित व्यक्तीशी संपर्क आल्याचे त्याने स्वतःच सांगितले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्रिशूर जिल्ह्यात २२ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. तोही अमिरातीतून परतला होता, तिथे त्याची तपासणी होऊन एमपॉक्सचे निदानही झाले होते. गावी आल्यावर काही दिवस तो लोकांत मिसळला, मग मेंदूज्वरासारख्या लक्षणांनी इस्पितळात दाखल झाला. परदेशातला तो अहवाल इस्पितळाच्या हाती पडला तेव्हा फार उशीर झाला होता. एकाच राज्यात, एकाच महिन्यात, एकाच देशातून आलेले हे दोघे. दोघेही विमानतळावरून सुखरूप बाहेर पडले होते. एकाने तोंड उघडले, दुसऱ्याने काही कारणाने उघडले नाही, आणि एवढाच फरक जीवनमरणाचा ठरला.

देशांची यादी करून त्या देशांतल्या प्रवाशांवर नजर ठेवण्याच्या पद्धतीतही एक जन्मजात उणीव आहे. यादी नेहमी कालची असते. फेब्रुवारी २०२० च्या उत्तरार्धात इटलीहून पर्यटकांचा एक गट दिल्लीत उतरला आणि राजस्थान फिरला. तेव्हा भारताच्या यादीत चीन आणि त्याच्या आसपासचे देश होते, इटली नव्हता. मार्चच्या आरंभी या गटातले १६ जण कोरोनाबाधित निघाले. त्यानंतरच, ४ मार्चपासून, सर्व आंतरराष्ट्रीय प्रवाशांची तपासणी सुरू झाली. गोव्यात २५ मार्चला जे पहिले तीन रुग्ण जाहीर झाले, ते स्पेन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतून आलेले होते. चीनकडे डोळे लावून बसलेल्या राज्यात रोग तीन वेगळ्याच दिशांनी आला.

याचा अर्थ विमानतळावरची आरोग्य कचेरी निरुपयोगी आहे, असा नव्हे. जिथे तपासायची वस्तू निश्चित आहे, तिथे ती चोख काम करते. पीतज्वराचे उदाहरण घ्यावे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत आढळणारा हा रोग भारतात नाही. तो पसरवू शकणारा एडिस डास मात्र आपल्याकडे मुबलक आहे, डेंग्यूने तो दरवर्षी आपली ओळख करून देतो. म्हणून त्या देशांतून येणाऱ्याकडे लसीकरणाचे प्रमाणपत्र नसेल, तर भारत त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतो. लस टोचल्यापासून दहाव्या दिवशी प्रमाणपत्र लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. गोव्यातही मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयामार्फत ही लस दिली जाते. आफ्रिकी बंदरांत जाणाऱ्या तारवट्यांना ते दार परिचयाचे आहे. इथे यादी स्थिर आहे, लस खात्रीची आहे, कागद खरा की खोटा एवढेच पाहायचे आहे. डासाच्या भीतीने घातलेला हा सहा दिवसांचा नियम दशकानुदशके चालू आहे आणि पीतज्वराने भारतात पाय रोवलेला नाही. इबोला, मारबर्ग किंवा उद्या येणाऱ्या अनोळखी रोगासाठी असा कागद उपलब्ध नाही. तिथे प्रवाशाच्या हातात दाखवायला काही नसते आणि अधिकाऱ्याच्या हातात तपासायला काही नसते. उरतात ते पुढचे एकवीस दिवस.

हे एकवीस दिवस कोणाचे, हा खरा प्रश्न आहे आणि तो आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जाऊन पोचतो. बंदरावरचे विलगीकरण, त्यासाठीची इस्पितळे आणि खलाशांची इस्पितळे हा विषय केंद्रसूचीत आहे. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने राज्यसूचीत आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात संसर्गजन्य रोग पसरू न देणे हे समवर्ती सूचीत आहे. आणि आंतरराज्य विलगीकरण पुन्हा केंद्रसूचीत. विमानतळ व बंदर आरोग्य कार्यालये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या अखत्यारीत येतात आणि १९५४ चे विमानविषयक व १९५५ चे बंदरविषयक आरोग्य नियम घेऊन काम करतात. तात्पर्य असे की, प्रवाशाचा ताप दाबोळीच्या इमारतीत असतो तोवर दिल्लीचा असतो, चिखली जंक्शनला येताच पणजीचा होतो आणि पत्रादेवी ओलांडून सावंतवाडीला गेला की मुंबईचा. मोपाच्या बाबतीत तर हा विनोद उरत नाही. तो विमानतळ पेडण्याच्या पठारावर आहे. तिथे उतरलेला प्रवासी सिंधुदुर्गात, बेळगावात किंवा कारवारला जात असेल, तर विमानतळाबाहेर पडल्यावर तासा-दोन तासांत तो दुसऱ्या राज्याचा होतो. उलट बाजूने, आजारी पडल्यावर सिंधुदुर्ग आणि कारवारचे रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉतच आणले जातात. म्हणजे तपासणी एका राज्यात, आजार दुसऱ्यात आणि उपचार पुन्हा पहिल्यात. या तिन्ही ठिकाणी एकच नोंद पोचण्याची व्यवस्था नसेल, तर प्रत्येक जण आपापले काम नियमाप्रमाणे करूनही रुग्ण निसटू शकतो.

करोनाकाळात ‘एअर सुविधा’ नावाचे स्वयंघोषणापत्र होते. प्रवाशाने निघण्यापूर्वी आपला मार्ग, पत्ता, प्रकृती त्यात भरायची आणि ती माहिती राज्यांना मिळायची, अशी कल्पना होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करण्यात आले. प्रवाशांना तो जाच वाटत होता आणि तेव्हा ते बंद करणे योग्यच होते. पण ज्या नळीतून माहिती विमानतळाकडून राज्याकडे वाहत होती, ती नळीही त्याबरोबर सुकली. साथ आल्यावर ती नव्याने बसवायला पहिले दोन-तीन आठवडे जातात, आणि साथीत नेमके तेच आठवडे मोलाचे असतात.

अमेरिकेने डॅलसच्या प्रकारानंतर जे केले, ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. साथग्रस्त तीन देशांतून येणाऱ्या सर्वांना पाचच विमानतळांवर उतरवण्याचे ठरले. तिथे तापमान मोजले गेलेच; पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येकाच्या हातात एक पिशवी देण्यात आली. तिच्यात तापमापक होता, लक्षणांची नोंद करायचा तक्ता होता, कोणाला कळवायचे याचे कार्ड होते, आणि पुढे तर साधा मोबाईल फोनही देण्यात येऊ लागला. प्रवाशाचे नाव आणि पत्ता तो जाणार असलेल्या राज्याच्या आरोग्य खात्याला कळवला जाई आणि ते खाते एकवीस दिवस त्याच्याशी रोज बोले. विमानतळाचे काम रोगी पकडण्याचे राहिले नाही, ते माणसाची ओळख राज्याच्या हाती सोपवण्याचे झाले.

पैसा असल्यामुळे हे जमले असे म्हणावे, तर नायजेरियाचा दाखला समोर आहे. जुलै २०१४ मध्ये इबोलाग्रस्त प्रवासी लागोस विमानतळावरच कोसळला. दोन कोटींच्या आसपास वस्तीचे, दाटीवाटीचे ते शहर. जगाने कपाळाला हात लावला होता. तिथल्या यंत्रणेने संपर्कात आलेली सुमारे ९०० माणसे शोधली आणि त्यांच्या घरी मिळून साधारण १८,५०० भेटी दिल्या. एका माणसाच्या दारात सरासरी वीस वेळा कोणीतरी जाऊन उभे राहिले, ताप आहे का म्हणून विचारले आणि परत आले. २० रुग्ण आणि ८ मृत्यूंवर ती साथ थांबली. ऑक्टोबरमध्ये देश इबोलामुक्त जाहीर झाला. पोलिओसाठी दारोदार फिरण्याची सवय असलेली माणसे तिथे होती, हे त्या यशाचे एक मोठे कारण.

भारतात केरळने जानेवारी २०२० मध्ये हेच केले. वुहानहून परतलेली देशातली पहिली कोरोनाबाधित विद्यार्थिनी विमानतळावर सापडलेली नव्हती; येताना तिला लक्षणेच नव्हती. चीनहून आलेल्यांनी स्थानिक आरोग्य यंत्रणेला कळवावे अशी तिथे व्यवस्था होती, म्हणून घसा दुखू लागताच तिने फोन केला आणि पुढची सूत्रे हलली.

आता गोव्याकडे यावे. इथली इस्पितळे, डॉक्टर आणि लोकसंख्या यांचे प्रमाण देशाच्या तुलनेत चांगले आहे. २०२० मध्ये सुरुवातीचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवावे लागत होते, नंतर गोमेकॉत तपासणी सुरू झाली. ती क्षमता आता आहे. एक गोष्ट मात्र गोव्यात वेगळी घडली. देशभर गावोगावी पोचलेली ‘आशा’ कार्यकर्त्यांची योजना या राज्याने स्वीकारली नव्हती. दवाखाने जवळ आहेत, रस्ते चांगले आहेत, मग दारी जाणारी वेगळी बाई कशाला, असा विचार त्यामागे असावा, आणि बाळंतपणे व लसीकरण यांच्या बाबतीत तो खोटाही ठरला नाही. पण साथीत प्रश्न रुग्ण दवाखान्यापर्यंत येण्याचा नसतो, दवाखान्याने न आलेल्या माणसापर्यंत जाण्याचा असतो. तो भार आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिका, बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांच्यावर पडतो. डेंग्यूच्या अळ्या शोधत फिरणारा कर्मचारीच उद्या आफ्रिकेतून आलेल्या तारवट्याच्या दारात उभा राहणार आहे. त्या दारी काय विचारायचे आणि उत्तर कोणाला कळवायचे, हे त्याला आधी कोणी सांगितलेले असावे, एवढी तरी अपेक्षा करावी.

त्यातही दार उघडणाऱ्याने खरे बोलायला हवे. आणि इथे गोव्याची स्मृती फारशी अनुकूल नाही.

१४ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हापशात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी बोलावून नेले. तो नियमित रक्तदाता होता आणि त्याने दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला होता. गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा अशा व्यक्तीला सक्तीने अलग ठेवण्याची तरतूद होती. वापरात नसलेल्या क्षयरोग इस्पितळाच्या इमारतीत, पोलीस पहाऱ्यात, त्याला ६४ दिवस ठेवण्यात आले. एचआयव्ही हवेतून पसरत नाही, स्पर्शाने पसरत नाही, हे तेव्हाही ठाऊक होते. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. कायद्यातली तरतूद न्यायालयाने उचलून धरली. डॉमिनिक १९९२ मध्ये वारला, तत्पूर्वी त्याने बाधितांसाठी संस्था उभी केली. त्या कोंडवाड्याने गोव्यातला एचआयव्ही थांबला नाही. रक्तदाता प्रामाणिक असेल तर त्याच्या दारात पोलीस येतात, एवढे मात्र घराघरांत पोचले.

करोनाकाळात घरांच्या दारांवर चिकटवलेले कागद, हातावरचे शिक्के आणि वस्तीतून फिरणाऱ्या नावांच्या याद्या यांनी तीच भीती ताजी केली. एप्रिल-मे २०२० मध्ये समुद्रावर अडकलेले गोमंतकीय तारवटी घरी परतू लागले, तेव्हा त्यांचे स्वागत सर्वत्र आनंदाने झाले असे म्हणता येत नाही. गावात येऊ देऊ नका, अशीही भाषा निघाली होती. परदेशातून पैसे आले की तो गावचा सुपुत्र आणि माणूस आला की तो रोग, हा न्याय त्या घरांनी विसरावा कसा?

शिवाय पोटाचा प्रश्न आहे. कराराच्या दोन टप्प्यांमधली सुटी म्हणजे तारवट्यासाठी बिनपगारी काळ. पुढच्या बोटीवर चढण्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो. आपण साथीच्या देशात होतो हे सांगितले आणि एकवीस दिवस नोंदीत अडकले, तर बोट सुटेल, ही शंका त्याच्या मनात असते. आखातातून चार आठवड्यांच्या रजेवर आलेल्याचे तर त्याहून अवघड. त्याची रजा म्हणजेच ते एकवीस दिवस. अशा माणसाला नुसते कायद्याचे कलम दाखवून खरे वदवून घेता येत नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियमांत, ज्यांची सुधारित आवृत्ती १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली, प्रवाशांशी सन्मानाने वागावे आणि सार्वजनिक आरोग्यासाठी केलेल्या तपासणीचा वा विलगीकरणाचा खर्च सामान्यतः त्यांच्याकडून वसूल करू नये, असे तत्त्व आहे. मे २०२० मध्ये परतणाऱ्या भारतीयांना पहिले सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरणात राहावे लागले होते. संकट मोठे होते, तिजोरीवर ताण होता, हे मान्य. तरी ज्याला विलगीकरणाचे बिल येणार, तो ताप लपवणार, हे समजायला साथरोगशास्त्र शिकावे लागत नाही.

पाहणारे नेहमी आपणच असू, असेही नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली; त्याआधी महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातून गाठीच्या प्लेगचे वृत्त आले होते. आखाती देशांसह अनेकांनी भारताची विमाने थांबवली, उतरलेल्या भारतीयांना बाजूला काढून तपासले. रोग आटोक्यात आला, व्यापाराची आणि पर्यटनाची झळ मात्र बराच काळ राहिली. जानेवारी २०२६ मध्ये पश्चिम बंगालात निपाहचे दोन रुग्ण आढळताच थायलंडने तिथून येणाऱ्या प्रवाशांची विमानतळावर तपासणी सुरू केली. भारताने संपर्कातल्या माणसांचा शोध घेऊन तपासण्या केल्या, त्यांतून आणखी रुग्ण निघाले नाहीत. बँकॉकच्या यंत्रांनी काय साधले आणि बंगालातल्या त्या संपर्कशोधाने काय साधले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. पर्यटनावर जगणाऱ्या गोव्याला तर या दोन्ही बाजूंची झळ एकाच वेळी लागते. इथे एक रुग्ण सापडला तरी हंगाम बुडेल, म्हणून सापडूच नये अशी छुपी इच्छा, आणि दुसरीकडे परक्या देशातून येणाऱ्या कुणाही काळ्या प्रवाशाकडे संशयाने पाहण्याची सवय. आफ्रिका हा एक देश नाही. कसाईपासून नैरोबी शेकडो कोसांवर आहे, आणि इथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या नायजेरियन माणसाचा काँगोतल्या साथीशी काहीही संबंध नसतो. रंगावरून केलेली पाळत विज्ञानाला धरून नसते आणि तिच्या आडून खरा प्रवासी निसटतो, कारण तो बहुधा आपल्यासारखाच दिसतो आणि घरात कोकणी नाहीतर मराठी बोलतो.

पाच गोष्टींपैकी चार गोव्याच्या हातात आहेत. मुंबईत वा दिल्लीत उतरलेल्या, पण गोव्याचा पत्ता दिलेल्या प्रवाशांची नावे राज्याच्या साथरोग विभागाला त्याच दिवशी मिळावीत, ही पाचवी गोष्ट केंद्राकडे आहे, आणि ती मागायचे काम राज्याचेच. बाकीच्यांना फार पैसाही लागत नाही. आरोग्य केंद्रांतल्या आणि खासगी दवाखान्यांतल्या केसपेपरवर ‘गेल्या महिन्यात परदेशात होतात काय, कुठे’ हा रकाना ठळक असावा आणि तापाच्या रुग्णाला तो प्रश्न डॉक्टरने स्वतः विचारावा. सिंधुदुर्ग, बेळगाव आणि उत्तर कन्नड जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी साथ नसतानाच बोलणे होऊन ठेवावे. स्वतःहून नाव नोंदवणाऱ्याच्या वैद्यकीय दाखल्यावर त्याची सावली पडणार नाही, असे शासनाने लेखी द्यावे. आणि नोंदणीच्या यादीतले नाव पंचायतीच्या फलकावर किंवा मोबाईलच्या गटावर गेले, तर जबाबदार कोण, हे आधी ठरवावे.

कसाईतील साथ जाहीर झाली ४ सप्टेंबरला, संपली १ डिसेंबरला. या काळात काँगो व शेजारी देशांतून मुंबईमार्गे किती माणसे गोव्यात आली, त्यांपैकी कितींची नावे राज्याला मिळाली आणि कितव्या दिवशी मिळाली, हा प्रश्न विधानसभेत तारांकित म्हणून विचारता येण्याजोगा आहे. उत्तर शून्य असले, तरी ते शून्य माणसे आली नाहीत म्हणून आहे की नावे कळली नाहीत म्हणून, एवढे उपप्रश्नात विचारावे लागेल.